रोशा गवत आणि गुलाबाचे अत्तर

गवताची किंमत काय, असे कोणी विचारले तर आपण काय सांगू? गुरांना घालावे, उरले तर छप्पर शाकारावे. पेंढ्या बांधून बाजारात नेले तर दोन पैसे मिळतात. याहून जास्त अपेक्षा गवताकडून कोणी करीत नाही.

पण आपल्याच महाराष्ट्रात, खानदेशाच्या डोंगरांत, एक गवत आपोआप उगवते. त्याला कोणी पेरीत नाही, कोणी पाणी देत नाही. एके काळी या गवताचे तेल बैलांच्या पाठीवरून बंदरावर जाई. तिथून जहाजात चढे आणि पार तुर्कस्तानात पोचे. तिथे ते गुलाबाच्या अत्तरात गुपचूप मिसळले जाई. विलायतेत कोणी श्रीमंत माणूस रुमालाला गुलाबाचे अत्तर लावी. त्या वासात आपल्या डोंगरातल्या गवताचाही वाटा असे. पण बाटलीवर गवताचे नाव कुठेच नसे.

या गवताचे नाव रोशा. त्याची हकिगत ऐकण्यासारखी आहे. तिच्यात आपल्या उपयोगाचे पुष्कळ आहे.

गवताची ओळख

रोशाला कोणी रोसा म्हणतात, कोणी तिखाडी म्हणतात. आयुर्वेदात त्याला रोहिष हे नाव आहे. सातपुड्याच्या उतारावर, धुळे-नंदुरबारच्या डोंगरांत, मेळघाटात, तसेच मध्य प्रदेशातील निमाडात हे गवत होते. एकेका ठोंबातून पुष्कळ काड्या निघतात. पुरा वाढलेला ठोंब माणसाच्या उंचीचा होतो, कधी त्याहूनही उंच. पावसाळा सरता सरता त्याला तुरे येतात. तुरे पिकले की तांबूस दिसू लागतात.

ओळखण्याची सोपी रीत म्हणजे नाक. तुरा किंवा पान तळहातावर चुरडावे आणि हुंगावे. गुलाबासारखा गोड, थोडासा तिखट वास येतो. आपल्या परसातला गवती चहा हा रोशाचा भाऊबंदच. पण गवती चहाला लिंबाचा वास, रोशाला गुलाबाचा. वाळा हेही सुवासिक गवतच. मात्र वाळ्याचा वास मुळांत असतो आणि रोशाचा वास तुऱ्यात व पानांत असतो.

शास्त्रज्ञांनी या गवताला जे नाव दिले आहे, त्यात मार्टिन नावाच्या माणसाची आठवण आहे. क्लॉड मार्टिन हा फ्रेंच माणूस ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेत मोठा अधिकारी होता. टिपू सुलतानाशी लढाई चालू असताना त्याने बालाघाटाच्या उंच मुलखात हे गवत पाहिले. त्याचे बी त्याने लखनौला नेऊन लावले. पुढे रॉक्सबर्ग या वनस्पतिशास्त्रज्ञाने त्याचे वर्णन लिहिले. 1820 साली ते छापून निघाले. त्यात गवताला मार्टिनचे नाव दिलेले होते. डोंगरातल्या माणसांना हे गवत कितीतरी पिढ्यांपासून ठाऊक होते. पण नाव लागले ते लिहिणाऱ्याचे आणि बी नेणाऱ्याचे. ही गोष्ट ध्यानात ठेवा. पुढे पुन्हा असेच घडणार आहे.

रोशात दोन जाती आहेत. एकीला मोतिया म्हणतात, दुसरीला सोफिया. दिसायला दोघी सख्ख्या बहिणी. मोतिया मोकळ्या, कोरड्या उतारावर वाढते. सोफिया ओलसर आणि दाट जागी वाढते. मोतियाचे तेल गुलाबासारखे गोड असते. सोफियाच्या तेलाचा वास उग्र असतो, म्हणून त्याला भाव कमी. दोन्ही गवते एकाच भट्टीत घातली, तर चांगल्या तेलाचीही किंमत उतरते. हलक्या जोंधळ्यात चांगला जोंधळा मिसळल्यावर होते ना, तसेच.

तेल तेलात फरक

तेल म्हटले की आपल्याला घाणा आठवतो. शेंगदाणा, तीळ, करडई घाण्यात घातली की तेल गळते. त्या तेलाचा थेंब कागदावर पडला तर डाग पडतो आणि तो जात नाही.

सुवासिक तेलाची जात वेगळी. ते उडून जाणारे तेल आहे. कागदावर एक थेंब टाकला तर थोड्या वेळाने तो उडून जातो, तुपकट डाग मागे राहत नाही. वास येतो याचा अर्थच हा, की त्या तेलाचे अगदी बारीक कण हवेत उडून आपल्या नाकात शिरतात. रोशाच्या पानात असे तेल असते, पण फार थोडे. शंभर किलो ओल्या गवतात जवळजवळ अर्धा किलो. एवढे थोडे तेल घाण्याने निघत नाही. मग ते कसे काढावे?

भाताचे भांडे चुलीवर असताना झाकण उचलून पाहा. झाकणाला आतून पाण्याचे थेंब लागलेले असतात. पाणी तापले, वाफ झाली, वाफ झाकणाला लागून निवली आणि तिचे पुन्हा पाणी झाले. हीच युक्ती इथे वापरतात. गवतातून वाफ जाऊ द्यायची. ती वाफ गवतातले उडते तेल आपल्याबरोबर घेऊन निघते. मग वाफ निववायची. तिचे पाणी होते आणि तेल त्या पाण्यावर तरंगते. वरचे तेल काढून घ्यायचे. झाले काम.

खानदेशातल्या भट्ट्या

हे काम खानदेशात कसे चाले, ते इंग्रज सरकारच्या जुन्या गॅझेटिअरात लिहून ठेवलेले आहे. हे पुस्तक 1880 सालचे.

तेल काढणारे कारागीर बहुतेक मुसलमान होते. पाऊस संपत आला, गवत पिकू लागले, की ते गवताच्या गंज्या विकत घेत. भट्टी मांडायची ती ओढ्याकाठी, कारण निववायला वाहते पाणी हवे. चार फूट लांब आणि दोन फूट रुंद असा खड्डा खणून चूल करीत. चुलीवर तांब्याचा किंवा लोखंडाचा मोठा हंडा ठेवीत. त्यात थोडे पाणी ओतून, वर चिरलेले गवत काठोकाठ भरीत. तोंडावर झाकण ठेवून ते कणकेने लिंपून टाकीत. म्हणजे वाफ बाहेर जायला वाट नाही. झाकणाला एक भोक. त्यात पोकळ बांबूची नळी बसवीत. नळीवर कापड गुंडाळून, उडदाचे पीठ थापून, दोरीने करकचून आवळीत. नळीचे दुसरे तोंड दुसऱ्या बंद हंड्यात. हा दुसरा हंडा ओढ्याच्या वाहत्या पाण्यात गळ्यापर्यंत बुडवलेला असे.

खाली जाळ घातला की वाफ नळीतून दुसऱ्या हंड्यात येई आणि तिथे निवून तिचे पाणी होई. हंडा भरत आला की तो हलू लागे. जाणत्या कारागिराला तेवढी खूण पुरे. तो हलक्या हाताने नळी काढी आणि पाणी तिसऱ्या हंड्यात ओतून ढवळी. मग वर तेलाचा तवंग दिसू लागे. तो हळूहळू काढून घेत. खाली राहिलेले पाणी फेकून देत नसत. त्यातही थोडे तेल असते. म्हणून ते नव्या गवताबरोबर पुन्हा पहिल्या हंड्यात घालीत.

पाहा, कणीक, उडदाचे पीठ, बांबू, हंडे. सारे घरातले आणि रानातले सामान. एकही यंत्र नाही. तरीही 1879-80 या एका वर्षात खानदेशात दोनशेच्या आसपास अशा भट्ट्या चालू होत्या. त्यातल्या बहुतेक नंदुरबारकडे होत्या. त्यांतून सुमारे साडेतीन हजार किलो तेल निघाले. आता हिशेब करा. एक किलो तेलाला दोनशे किलो गवत धरले, तर साडेतीन हजार किलोंना सात लाख किलो गवत झाले. एवढे गवत कोणी तरी डोंगरात विळ्याने कापले, भारे बांधले आणि डोक्यावरून ओढ्यापर्यंत आणले.

बुधल्यांचा प्रवास

तेल चामड्याच्या बुधल्यांत भरीत. काही बुधले बैलांच्या पाठीवर लादून कोंडाईबारीच्या घाटाने सुरतेला जात. काही धुळ्यावरून मुंबईला जात. मुंबईच्या व्यापाऱ्यांकडून हे तेल जहाजाने तांबड्या समुद्रातल्या बंदरांना जाई, आणि तिथून अरब व्यापाऱ्यांच्या हातून इस्तंबूलला पोचे. त्या काळी त्या शहराला कॉन्स्टँटिनोपल म्हणत. ती तुर्की सुलतानाची राजधानी होती.

इथे तेलाचा वेष बदले. व्यापारी ते पाण्यात घालून हलवीत, त्यात लिंबाचा रस टाकीत आणि उन्हात ठेवीत. त्याने रंग फिका पडे आणि वासाचा उग्रपणा कमी होई. तुर्क लोक त्याला इद्रिस याघी म्हणत. विलायतेतले व्यापारी त्याला तुर्की जिरॅनियमचे तेल म्हणत. जिरॅनियम हे अगदी वेगळे झाड आहे. त्याच्या पानालाही गुलाबासारखा वास येतो. म्हणजे गंमत पाहा. हे तेल तुर्कीही नव्हते आणि जिरॅनियमचेही नव्हते. ते खानदेशचे आणि निमाडचे होते, आणि गवताचे होते. पण नावात ना खानदेश, ना गवत.

गुलाबाची दरी

आता गुलाबाकडे वळू. आज बल्गेरिया म्हणून जो देश आहे, तो 1878 पर्यंत तुर्कांच्या ताब्यात होता. तिथे कझानलक नावाचे गाव आहे. त्याच्या आसपास डोंगरांच्या मधल्या दरीत गुलाबाचे मळे आहेत. तो गुलाब आपल्याकडच्या देशी गुलाबासारखा, गुलाबी रंगाचा आणि मोठ्या वासाचा. मे आणि जून हे दोन महिने त्याचा बहर. फुले अगदी पहाटे खुडायला घेतात. ऊन तापले की वास उडून जातो. खुडलेली फुले त्याच दिवशी हंड्यात घालून, वाफेने तेल काढतात. रोशाची रीत तीच गुलाबाची रीत.

मग किमतीत एवढा फरक का? पुन्हा हिशेब मांडू.

रोशाचे तेल: एक किलो तेलाला सुमारे दोनशे ते अडीचशे किलो गवत.

गुलाबाचे तेल: एक किलो तेलाला सुमारे तीन ते चार हजार किलो फुले.

शिवाय गुलाब लावावा लागतो, खुरपावा लागतो, छाटावा लागतो. काटे सोशीत एकेक फूल हाताने खुडावे लागते. म्हणून गुलाबाचे तेल सोन्याच्या ताजव्यात तोलावे इतके महाग. जिथे माल फार महाग आणि त्याच्यासारखा दिसणारा दुसरा माल फार स्वस्त, तिथे भेसळ आलीच. दूधवाल्याला पाणी जवळच असते म्हणतात ना, तसे गुलाबवाल्याला आमचे रोशाचे तेल जवळ सापडले.

कोणी तयार गुलाबतेलात रोशाचे तेल ओतीत. कोणी त्याहून हुशार. ते हंड्यात घालायच्या आधीच फुलांवर रोशाचे तेल शिंपडीत. दोन्ही तेले वाफेबरोबर एकत्र निघत आणि एकजीव होत. मग गिऱ्हाइकाला काय कळणार?

चोरावर मोर

गिऱ्हाईकही अगदीच भोळे नव्हते. अस्सल गुलाबतेलाची एक खूण आहे. आपले खोबरेल थंडीत थिजते, तसे गुलाबतेल थोड्याशा गारव्यानेही थिजते. बाटलीत चकचकीत सुयांसारखे कण दिसू लागतात. हाताच्या उबेने ते विरघळतात. रोशाचे तेल असे थिजत नाही. म्हणून व्यापारी बाटली गार पाण्यात धरून पाहत. तेल वेळेवर थिजले तर अस्सल. थिजले नाही तर भेसळ.

भेसळवाल्यांनी त्यावरही तोड काढली. देवमाशाच्या डोक्यात मेणासारखा एक पदार्थ असतो. तो ते तेलात थोडा मिसळू लागले. मग भेसळीचे तेलही थिजू लागले! एक लबाडी झाकायला दुसरी लबाडी.

आणि याहून मजेची गोष्ट ऐका. रोशाचे तेल गुलाबात मिसळले जाई, हे आपण पाहिले. पण खुद्द रोशाच्या तेलातही भेसळ होत होती. कोणी त्यात भुईमुगाचे तेल घाली, कोणी टर्पेंटाइन. म्हणजे आपल्याकडचा दलाल तिकडच्या दलालाला फसवी, आणि तिकडचा दलाल विलायतेच्या गिऱ्हाइकाला. साखळीत जो तो आपल्या पुढच्याला फसवीत होता. सगळ्यात शेवटी भाव कोणाचा पडत होता? तेलाचा. तेलाचा भाव पडला की गवताचा भाव पडतो. आणि गवताचा भाव पडला की विळा धरणाऱ्याची मजुरी पडते. भेसळ करणारा निराळा आणि तिचा दंड भरणारा निराळा.

गवताला गुलाबाचा वास कसा?

कोणी विचारील, "मास्तर, कुठे गुलाब आणि कुठे गवत! दोघांचा वास सारखा कसा?"

प्रश्न चांगला आहे. 1871 साली याकोबसेन नावाच्या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने रोशाच्या तेलातून एक द्रव्य वेगळे काढले. त्याला जिरॅनिऑल म्हणतात. गुलाबाच्या वासाचा मोठा भाग याच द्रव्याचा. रोशाच्या चांगल्या तेलात शंभर भागांपैकी पंचाहत्तर ते नव्वद भाग जिरॅनिऑल असते. गुलाबाच्या तेलातही तेच असते. उसाची साखर आणि बिटाची साखर तोंडात टाकली तर फरक कळत नाही, कारण साखर तीच. तसे गुलाबातले जिरॅनिऑल आणि गवतातले जिरॅनिऑल एकच. निसर्गाने ते राजाच्या बागेतही ठेवले आणि माळरानावरही ठेवले. त्याने भेदभाव केला नाही.

मग रोशाचे तेल म्हणजे गुलाबाचेच तेल का? तसे मात्र नाही. गुलाबात जिरॅनिऑलखेरीज आणखी शेकडो द्रव्ये असतात. काही तर इतकी थोडी, की शंभरात एक भागही भरत नाहीत. त्यातले डमॅसेनोन नावाचे एक द्रव्य स्वित्झर्लंडच्या शास्त्रज्ञांनी शोधून 1970 साली जाहीर केले. ते चिमूटभरच असते, पण गुलाबाला गुलाबपण देणाऱ्यांत त्याचा हात मोठा. आमटीत डाळ पुष्कळ आणि हिंग चिमूटभर. पण हिंग नसला तर जेवणाऱ्याला लगेच कळते. रोशाच्या तेलात डाळ आहे, हिंग नाही.

आज प्रयोगशाळेत अशी यंत्रे आहेत, की ती तेलाचा एक थेंब घेऊन त्यातले एकेक द्रव्य वेगळे करून दाखवतात. म्हणून आता ती जुनी लबाडी लपवणे फार कठीण झाले आहे.

नफा कुणाच्या पदरात?

आता थोडा विचार करू. या गोष्टीत वाईट कोण? गवत वाईट नव्हते. त्याचे तेल उत्तम होते. इतके उत्तम, की जगातल्या सर्वांत महाग अत्तरात ते खपून गेले. दोष एवढाच, की ते स्वतःच्या नावाने गेले नाही. दुसऱ्याच्या नावाखाली लपून गेले.

लपून जाणाऱ्या मालाला पूर्ण भाव कधीच मिळत नाही. ज्याला ठाऊक आहे की बाटलीत काय आहे, तो नफा घेतो. ज्याला ठाऊक नाही, तो मजुरी घेतो. डोंगरात गवत कापणाऱ्याला भाऱ्याचे पैसे मिळत. भट्टीवाल्याला तेलाचे मिळत. पुढच्या व्यापाऱ्याला त्याहून जास्त. आणि इस्तंबूलच्या पुढे ते तेल गुलाबाच्या भावाने विकले जाई. गवत तेच, तेल तेच. माहिती वाढत गेली तशी किंमत वाढत गेली.

म्हणून मी म्हणतो, आपल्या मालाची माहिती आपल्याला असावी. त्याचे नाव काय, त्यात काय आहे, तो कुठे जातो, तिथे त्याचे काय होते, हे विचारावे. विचारायला पैसे पडत नाहीत. न विचारण्याचे मात्र पडतात.

आजचा रोशा

आज रोशाचे तेल स्वतःच्या नावाने विकले जाते. परदेशांत त्याला पामारोझा म्हणतात. साबणात, अत्तरांत आणि अंगाला लावायच्या सुवासिक वस्तूंत ते वापरतात. त्यातून जिरॅनिऑल वेगळे काढूनही विकतात. आता त्याला लपावे लागत नाही.

दुसरा बदल असा, की रोशा आता शेतातही लावतात. सुवासिक आणि औषधी वनस्पतींवर काम करणारी एक केंद्रीय संस्था लखनौला आहे. तिला सीमॅप म्हणतात. हे काम 1959 मध्ये सुरू झाले. या संस्थेने रोशाची तृष्णा, तृप्ता अशी सुधारलेली वाणे काढली आहेत.

तिसरा बदल जरा काळजीचा. जिरॅनिऑल आता कारखान्यातही तयार होते. पाइनच्या झाडापासून मिळणाऱ्या टर्पेंटाइनपासून आणि खनिज तेलापासून ते बनवतात. ते स्वस्त पडते. म्हणून रोशाच्या तेलाचा भाव कधी वर जातो, कधी एकदम खाली येतो. एखाद्या वर्षीचा चढा भाव पाहून सगळी जमीन या गवताखाली घालणे शहाणपणाचे नाही.

लावायचे झाले तर

ज्यांना हे पीक करून पाहायचे आहे, त्यांच्यासाठी थोडी माहिती देतो.

रोशाला हलकी, पाण्याचा निचरा होणारी जमीन चालते. पाणी साचले तर ते टिकत नाही. उन्हाळ्याच्या शेवटी गादीवाफ्यावर रोप करावे आणि पाऊस सुरू झाला की लावावे. बी मोतियाचेच आहे, याची खात्री करून घ्यावी. तीन-चार महिन्यांत तुरे येतात. तुरे फुलले की थोड्याच दिवसांत कापणी करावी. फार लवकर कापले तर तेल कमी. फार उशीर केला तर तेल उडून जाते. पाण्याची सोय असली तर वर्षाला दोन-तीन कापण्या होतात. एकदा लावलेले गवत चार-पाच वर्षे चांगले उत्पन्न देते. तेल काढून उरलेला चोथा वाळवून भट्टीतच जाळता येतो, म्हणजे सरपण वाचते.

पण रोप आणण्याआधी चार प्रश्न विचारावे.

एक: भट्टी जवळ कुठे आहे? गवत कापून लांब नेण्यात भाडे जास्त आणि तेल कमी होते. एकट्याला भट्टी परवडत नसेल, तर दहा-वीस जणांनी मिळून घालावी.

दोन: तेल कोण घेणार? "आम्ही घेऊ" असे तोंडी सांगणारे पुष्कळ भेटतात. घेणाऱ्याचे नाव, भाव आणि मुदत कागदावर लिहून घ्यावी. तो कागद सही करण्याआधी स्वतः वाचावा. आता आपल्याला वाचता येते. मग अंगठ्याच्या काळातली सवय कशाला ठेवायची?

तीन: भाव गवतावर की तेलावर? गवतावर भाव असेल तर तेल किती निघाले ते आपल्याला कळत नाही. तेलावर भाव असेल तर आपल्या डोळ्यांदेखत वजन करून घ्यावे.

चार: पहिल्या वर्षी किती जमीन घालायची? थोडीच. दहा-वीस गुंठ्यांवर करून पाहावे. जमले तर वाढवावे. कोणी एकरी लाखांचे आकडे सांगू लागला, तर त्याला त्याच्या स्वतःच्या शेतातले पीक दाखवायला सांगावे.

आणखी एक इशारा. जुनी माणसे हे तेल दुखऱ्या सांध्यांवर चोळत. पण नुसते तेल फार जहाल असते. त्याने कातडीची आग होऊ शकते. ते पोटात घेऊ नये, डोळ्यांजवळ नेऊ नये आणि मुलांच्या हाताला लागेल असे ठेवू नये.

घरच्या घरी पारख

तेल विकत घेताना किंवा विकताना ही साधी परीक्षा करावी. कोऱ्या पांढऱ्या कागदावर तेलाचा एक थेंब टाकावा. शेजारी गोडेतेलाचा एक थेंब टाकावा. दोन्हींवर खूण लिहावी. कागद सावलीत ठेवावा आणि दुसऱ्या दिवशी उजेडासमोर धरून पाहावा. गोडेतेलाचा डाग तसाच दिसेल. चांगल्या रोशाच्या तेलाचा तुपकट डाग राहत नाही. राहिला तर समजावे, की कोणी तरी त्यात खाण्याचे तेल घातले आहे. टर्पेंटाइनची भेसळ मात्र या परीक्षेत सापडत नाही, कारण टर्पेंटाइनही उडून जाते. त्यासाठी प्रयोगशाळेचा दाखला मागावा.

खानदेशच्या ज्या माणसांनी पूर्वी हंडे मांडून तेल काढले, त्यांची कारागिरी उत्तम होती. बांबूच्या नळीतून आणि कणकेच्या लिंपणातून त्यांनी काढलेले तेल इस्तंबूलच्या व्यापाऱ्यांनाही हवे होते. उणीव होती ती एवढीच, की बुधल्यावर त्यांचे नाव नव्हते. आज आपण काही पिकवले, विणले किंवा बनवले, तर त्यावर आपल्या गावाचे नाव लिहावे, आत काय आहे ते खरे लिहावे, आणि जे लिहिले तेच आत भरावे.